शेवटच्या रकान्यातला ‘काढा’

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार. (मागच्या पत्रात मी ‘साश्टांग’ असं लिहिलं होतं आणि तू त्या शब्दाभोवती लाल पेन्सिलीनं गोल करून ते पत्र मला परत पाठवलंस. तो कागद मी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला आहे. रोज सकाळी शर्ट काढताना शुद्ध नमस्कार घडतो.) तुझी तब्येत ठीक असेल असं धरून चालतो, कारण तुला न विचारता बिघडायची तिची हिंमत नाही. आतोबांचा गुडघा चढताना दुखतो की उतरताना, याचा निकाल लागला का? गेल्या वेळी ते डॉक्टरांना म्हणाले की चढताना, आणि तू मागून म्हणालीस की बसल्याजागी, विशेषतः भाजी आणायला सांगितलं की. मी आतोबांच्या बाजूनं आहे, पण तसं त्यांना कळवू नकोस.

फोन न करता पत्र लिहितो आहे याचं कारण तुला माहीत आहे. फोनवर तू दुसऱ्या वाक्याला ‘मुद्दा सांग’ म्हणतेस आणि मुद्दा सांगितला की फोन ठेवतेस. पत्रात मला निदान चार पानं कुणी अडवत नाही. तर आधी सगळ्यात महत्त्वाचं: इथं सगळं उत्तम चाललं आहे, काळजी करण्यासारखं काही नाही. ज्या फाटकातून नऊ वर्षांपूर्वी तू मागं वळून न बघता बाहेर पडलीस, त्याच शिलाई मशीनच्या कारखान्याच्या मालकांना तू माझ्यासाठी दोन ओळी लिहिल्यास, हे मी विसरलेलो नाही. (धाकट्या मालकांनी ती चिठ्ठी मला दाखवली. ‘मुलगा हुशार आहे, पण त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबू नये.’ आभारी आहे.) त्या चिठ्ठीवर मला तीन महिन्यांची मुदत मिळाली. ती या गुरुवारी संपते. गुरुवारी धाकटे मालक मोठ्या खोलीत सगळ्यांना बसवून ठरवणार आहेत की मला कायम करायचं की निरोप द्यायचा. मला निरोप म्हणजे तुझ्या शब्दालाही निरोप, हे मी जाणतो. म्हणूनच म्हटलं, तुला सगळं सविस्तर कळलेलं बरं.

तू मला विचारलं होतंस की डिजिटल कंटेंट स्ट्रॅटेजी म्हणजे नेमकं काय करतोस. मी तेव्हा ‘मजकुराचं धोरण आखतो’ असं उत्तर दिलं आणि तू म्हणालीस, ‘म्हणजे लिहीत नाहीस.’ हे अर्धसत्य आहे. लिहिण्याआधी पुष्कळ काही करावं लागतं, आणि ते नीट केलं तर लिहायची वेळच येत नाही. पहिलं काम म्हणजे आहे ते मोजणं. वेबसाइटवर किती पानं आहेत असं मी पहिल्या दिवशी विचारलं. धाकटे मालक म्हणाले चाळीस. तुझे ते हेडक्लार्क शिक्केकाका म्हणाले साठ. वेबसाइट सांभाळणाऱ्या ताई (बाई कामाला वाघ आहेत, पण दिवसाला चौदा शब्द बोलतात) म्हणाल्या, मोजू नका. मी मोजली. चारशे बारा भरली.

आत्या, एकेक पान म्हणजे एकेक अजायबघर होतं. ‘आमच्याविषयी’ या नावाची तीन पानं होती आणि तिन्हींत कारखान्याच्या स्थापनेची तीन वेगळी सालं होती. त्यांतल्या एकानुसार थोरल्या मालकांनी कारखाना काढला तेव्हा त्यांचा जन्म व्हायला चार वर्षं बाकी होती. ‘लवकरच येत आहे’ असं एक मशीन होतं, जे येऊन, विकून, बंदसुद्धा पडलं होतं. लिफ्टच्या उद्घाटनाची अकरा छायाचित्रं होती आणि अकराही छायाचित्रांत लिफ्टचं दार बंद होतं. एका पानावर फक्त ‘चाचणी’ एवढा शब्द होता, आणि सांगायला खेद होतो की तेच पान सगळ्यात शुद्ध होतं. ही सगळी पानं मी वाचून काढली, त्यांचा एक मोठा तक्ता केला, आणि प्रत्येक पानापुढे रकाने आखले: लिहिलं कोणी, कधी, कुणासाठी, शेरा, आणि शेवटचा रकाना, पुढे काय करायचं. हा शेवटचा रकाना कागदाच्या कडेला आल्यामुळे अरुंद झाला. त्यात एकच शब्द मावत होता. म्हणून मी तीन शब्द ठरवले: ‘ठेवा’, ‘सुधारा’ आणि ‘काढा’. अठ्ठावन्न पानं ठेवा, दोनशे अकरा सुधारा, एकशे त्रेचाळीस काढा. बेरीज करून बघ, चुकणार नाही. या कामात माझी बेरीज कधीच चुकली नाही.

दुसरं काम म्हणजे प्रत्येक खात्यात जाऊन त्यांना काय हवं ते विचारणं. हे कुणी शोधून काढलं देव जाणे. प्रत्येकाला एकच गोष्ट हवी असते: वेबसाइट उघडल्याबरोबर पहिल्या पानावर ते स्वतः. दुरुस्ती खात्याला तिथं दुरुस्ती हवी, विक्रीला विक्री, आणि मशीनच्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढणाऱ्या पेंटरला तिथं वेलबुट्टी, तीसुद्धा हलणारी. धाकट्या मालकांना काही नको होतं. (धाकटे म्हणायचं झालं, वय बहात्तर. पण थोरल्यांच्या, म्हणजे वडिलांच्या, पश्चात चौदा वर्षांनीही त्यांना कुणी थोरले म्हणत नाही, आणि मला वाटतं त्यांनाही ते नको आहे.) फक्त वडिलांचा फोटो जरा मोठा करता आला तर पाहा, एवढंच म्हणाले. किती मोठा, असं विचारल्यावर त्यांनी हात पसरले. संगणकाच्या पडद्याहून ते माप मोठं होतं.

मग आम्ही गिऱ्हाईक तयार केलं. दचकू नकोस, ही या धंद्यातली मान्य पद्धत आहे. आपण कुणासाठी लिहितो हे कळावं म्हणून एक काल्पनिक बाई उभी करायची, तिचं वय, घर, अडचणी ठरवायच्या आणि प्रत्येक वाक्य तिला समजेल का ते बघायचं. मी तिला ‘हौशी’ म्हटलं. वय अडतीस, दोन मुलं, घरी शिवते, चष्मा नुकताच लागला. खोलीत सगळ्यांना ती इतकी आवडली की तिचा नवरा कसा असावा यावर सव्वा तास चर्चा झाली आणि फोरमनच्या मते तिनं त्याच्याशी लग्न करायलाच नको होतं. विक्रीप्रमुखांनी तिचा फोन नंबर मागितला. शिक्केकाकांनी तिची फाईल उघडली, तिला ग्राहक क्रमांक दिला आणि नोंदवहीत चढवलं. ती अस्तित्वात नाही असं मी त्यांना समजावलं, तर म्हणाले, नोंद झाली आहे.

शिक्केकाकांविषयी तुला मी काय सांगणार. तुझ्यासमोरच्या टेबलावर एकतीस वर्षं बसलेला माणूस. तुझं आणि त्यांचं एकाच गोष्टीवरून वाजायचं असं ऐकलं, की तक्रारीच्या खिडकीतून तू लोकांना बिनशिक्क्याचे कागद देतेस. ते अजून तसेच आहेत. हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, दुसऱ्या दिवशी सल्लागार म्हणून त्याच खुर्चीवर येऊन बसले. चहाच्या कपाखालच्या कागदावरसुद्धा शिक्का मारतात.

आता झालेली गंमत सांगतो. (मी तिला गंमत म्हणतो. विक्रीप्रमुख वेगळा शब्द वापरतात.) तक्ता पूर्ण झाला आणि मला चार दिवस बाहेरगावी जायचं होतं, खऱ्या शिवणाऱ्या माणसांना भेटायला. म्हणून जाताना मी तो तक्ता शिक्केकाकांकडे दिला आणि वर चिठ्ठी लावली: ‘शेवटच्या रकान्याप्रमाणे कार्यवाही करावी.’ आत्या, या वाक्यात तुला चूक सापडते का? मला अजून सापडलेली नाही. पण शिक्केकाकांच्या सबंध हयातीत ‘काढा’ या शब्दाचा अर्थ एकच झाला आहे. परिपत्रक काढा, प्रत काढा, जाहिरात काढा. जे नाहीसं करायचं त्याला त्यांच्याकडे ‘रद्द’ असा स्वतंत्र शिक्का आहे, तोही लाल शाईचा. काढा म्हणजे बाहेर काढा, छापा, लोकांना पाठवा. (औषधी काढा समजून कुणी उकळत बसलं नाही, हेच नशीब.) त्यांनी ‘ठेवा’ची अठ्ठावन्न पानं कपाटात ठेवली, ‘सुधारा’ची दोनशे अकरा माझ्या टेबलावर ठेवली, आणि ‘काढा’ची एकशे त्रेचाळीस पानं काढली. प्रत्येक पान छापलं, प्रत्येकावर शिक्का मारला, गठ्ठे बांधले आणि नोंदवहीतल्या अकराशे पत्त्यांवर रवाना केले. शिवाय ताईंना सांगून तीच एकशे त्रेचाळीस वेबसाइटच्या पहिल्या पानावर चढवली. ताईंना मी नंतर विचारलं की तुम्हाला हे विचित्र नाही का वाटलं. म्हणाल्या, वाटलं, पण शिक्का होता.

मी परत आलो तेव्हा फाटकाशी रांग होती. सतरा माणसं अर्ज घेऊन उभी होती, कारण फोरमनच्या जागेची नऊ वर्षांपूर्वीची जाहिरात त्यांना पोचली होती. त्याच जाहिरातीवर लागलेले आपले फोरमन खिडकीतून ती रांग बघत होते आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. बंद पडलेल्या मशीनसाठी बावन्न जणांनी नोंदणी केली होती. एका दुकानदारानं नव्या लिफ्टबद्दल अभिनंदन करून सावकाश चढण्याचा सल्ला दिला होता. हौशीचं पाकीट ‘पत्ता अपूर्ण’ म्हणून परत आलं होतं आणि शिक्केकाका त्या गोष्टीनं मनापासून दुखावले होते.

आणि एका पानावर थोरल्या मालकांची प्रकृती सुधारत असल्याचं निवेदन होतं, चौदा वर्षांपूर्वीचं, ते जायच्या आठवडाभर आधीचं. त्याला तीसेक उत्तरं आली. ऐकून बरं वाटलं, त्यांना सांभाळा, आमचं पहिलं मशीन त्यांनीच स्वतः बसवून दिलं होतं, अशी. ती घेऊन मी धाकट्या मालकांच्या खोलीत गेलो तेव्हा मला वाटलं की आजच निरोप, गुरुवारपर्यंत थांबायलाही नको. त्यांनी सगळी वाचली. मग पुन्हा पहिल्यापासून वाचली आणि मला म्हणाले की जाताना दार लोटून घ्या. मी दार लोटलं आणि बाहेर बराच वेळ उभा राहिलो. त्या दिवशी मला काही विनोद सुचला नाही, हे तुला म्हणून सांगतो.

तिसऱ्या दिवसापासून मात्र फोन बदलले. लिफ्ट, जागा, बंद मशीन सगळं मागं पडलं आणि जो तो एकाच पानाविषयी विचारू लागला. पान क्रमांक तीनशे सत्त्याऐंशी, ‘दोरा सारखा तुटत असेल तर’. आणखी प्रती मिळतील का, मुलीला पाठवायची आहे. आमच्याकडची फाटली होती, बरं झालं पुन्हा काढलीत. याच बाईंनी बॉबिनबद्दल काही लिहिलंय का. वेबसाइटवर दोन आठवड्यांत ते एक पान बाकीच्या चारशे अकरा पानांहून जास्त वेळा उघडलं गेलं. (हे ताईंनी मोजलं आणि त्या दिवशी त्या वीस शब्द बोलल्या.) मग मी ते पान घेऊन बसलो. तुला त्यातला मजकूर सांगायची गरज नाही, पण मला तो लिहायचा आहे:

‘आधी मशीनला बोल लावू नका. सुई उलटी बसली आहे का बघा. ती बरोबर असेल तर आपल्या हाताकडे बघा, तुम्ही कापड ओढताय. कापड आपलं आपण पुढं जातं, त्याला नुसती दिशा दाखवा. एवढं करूनही जमलं नाही तर मशीन झाका, पाणी प्या आणि उद्या या. मी इथंच आहे.’

आत्या, गणितात नापास होऊन मी तुझ्या दारात आलो होतो तेव्हा तू मला काय म्हणाली होतीस? ‘पुस्तक मिट, पाणी पी, उद्या ये.’ मी शेवटची ओळ वाचली आणि उठून शिक्केकाकांकडे गेलो. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘तिचाच आहे. एकतीस वर्षं बिनशिक्क्याचा वाटला, आता पहिल्यांदा शिक्का लागून गेला.’

तर सध्या परिस्थिती अशी आहे. झाल्या प्रकाराला मी अहवालात ‘जुन्या मजकुराची प्रत्यक्ष चाचणी’ असं नाव दिलं आहे आणि तो अहवाल वाचून माझा स्वतःचा माझ्याविषयीचा आदर वाढला आहे. गुरुवारची मला बिलकुल चिंता नाही. आतोबांना नमस्कार, गुडघ्याला वेगळा.

तुझा आज्ञाधारक (वेळ पडल्यास) भाचा

ता. क. वर ‘ही सगळी पानं मी वाचून काढली’ असं लिहिलं आहे. मथळे वाचले. तीनशे सत्त्याऐंशीचा मथळाही अर्धाच वाचला. त्या पानापुढे शेऱ्याच्या रकान्यात माझ्याच अक्षरात ‘लेखक अज्ञात, भाषा जुनी, उपयोग नाही’ असं आहे, आणि पुढे ‘काढा’. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो. बाहेरगावी एका शिंपीणबाईंच्या भिंतीवर तोच कागद टाचलेला होता. मी वहीत लिहिलं, ‘भिंतीवर जुने कागद, वापरणाऱ्यांना टापटीप नाही.’ मला लाज वाटली, आत्या. अजून वाटते.

ता. क. २. मी बसतो ती खोली कुठली हे तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. तुझीच आहे. तू गेल्यावर तक्रारीची खिडकी रंग फासून बंद केली आणि वर वेबसाइटचा पत्ता लिहिला, हे तुला ठाऊक आहे आणि म्हणून तू इकडे फिरकत नाहीस, हे मला ठाऊक आहे. परवा फोरमननी पटाशी घालून ती उघडली. (त्यांना वाटतं माझ्यामुळे त्यांची नोकरी वाचली. मी गैरसमज दूर केलेला नाही.) खिडकीतून उजेड थेट टेबलावर येतो. तू एकतीस वर्षं डोळे न बिघडता कशी बसलीस ते आत्ता कळलं.

ता. क. ३. आता मुद्दा. धाकटे मालक म्हणाले, ‘तुमचं गुरुवारी बघू. आधी ज्यांनी हे लिहिलंय त्यांना घेऊन या. मी त्यांना एकदा सांगायला हवं होतं ते राहून गेलंय.’ मी म्हणालो, आत्या येते आहे, तिनं होकार कळवला आहे. तर कृपा करून होकार कळव. अकरा वाजता, मोठी खोली, तुझी खुर्ची खिडकीकडे तोंड करून ठेवली आहे. आणि येताना लाल पेन्सिल आण. एक नव्हे, डबा आण. ‘सुधारा’ची दोनशे अकरा पानं अजून माझ्या टेबलावर आहेत आणि ती कशी सुधारायची याची मला काडीची कल्पना नाही. माझं सगळं धोरण म्हणजे तू, हे मी अहवालात लिहिलेलं नाही, पण गुरुवारी उभं राहून बोलणार आहे.

ता. क. ४. तीनशे सत्त्याऐंशीपुढचा तो ‘काढा’ खोडायला मी काल तक्ता उघडला होता. शिक्केकाकांनी माझा हात धरला. म्हणाले, अधिकृत कागदावर खाडाखोड चालत नाही. मग त्यांनी चष्मा पुसला, त्या अरुंद रकान्यात ‘काढा’च्या आधी बारीक अक्षरात ‘आठवण’ असं लिहिलं, आणि वर शिक्का मारला. आता ते बदलता येणार नाही.